छातीतले यंत्र आणि पारशिवनीची झोप

कन्हानच्या पुलावरून रात्री नागपूरकडे निघालेल्या ट्रकांत कोळसा असतो, वाळू असते, जबलपूरकडून आलेला माल असतो. आणि पुष्कळ केबिनांत एक माणूस डोळे उघडे ठेवण्यासाठी झगडत असतो. पहाटे टपरीवर चहा घेताना त्यातलाच एखादा सांगतो, "दिवसा पाच-सहा तास झोपलो होतो भाऊ, तरी गाडीवर डोळा लागते." ऐकणारा ते रात्रपाळीच्या शिणवट्यावर ढकलतो. शिणवटा असेलही. पण काहींच्या बाबतीत दोष झोपेत चालणाऱ्या श्वासाचा असतो. माणूस गाढ झोपला की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट बंद होते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो, मोठ्याने घोरत श्वास परत सुरू होतो आणि थोड्या वेळात पुन्हा तेच. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. डोके जड असते, तोंड कोरडे असते, एवढेच.

डॉक्टर याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडत असेल तर ते सामान्य धरले जाते. पंधरापासून पुढे मध्यम, तिसाच्या पुढे तीव्र. रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, मधुमेह यांच्याशी या आजाराचे नाते आता पक्के झाले आहे, आणि आजार असलेल्या चालकाला अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचे नाव घेतले आणि मराठी वाचकांच्या घराघरांत हा शब्द पहिल्यांदा पोचला. त्याच्या कितीतरी आधी, २००४ मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात साडेएकोणीस टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत होता, आणि साडेसात टक्क्यांना दिवसाची पेंग धरून पुरता आजार होता. अलीकडच्या एका पाहणीनुसार देशातल्या कामाच्या वयाच्या सुमारे दहा कोटी माणसांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास आहे.

अशा रुग्णांसाठी गेल्या दशकात एक नवा उपाय जगापुढे आला. छातीच्या वरच्या भागात, कॉलरच्या हाडाखाली, पेसमेकरसारखे छोटे यंत्र, म्हणजे इम्प्लांट, बसवायचे. त्यातून निघालेली तार हनुवटीखाली जिभेच्या नसेपर्यंत न्यायची. रात्री श्वासाच्या तालावर त्या नसेला हलका विद्युत इशारा द्यायचा, म्हणजे जीभ पुढे येते आणि वाट मोकळी राहते. हे यंत्र आपल्याकडे आणावे का, आणले तर कुणासाठी आणि कुणाच्या पैशाने, हा प्रश्न बहुधा मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांच्या सभागृहात विचारला जातो. आम्ही तो पारशिवनी तालुक्याच्या बाजूने विचारतो आहोत, कारण तिथून पाहिले की दोन्ही बाजूंचे वजन बदलते.

पारशिवनी नागपूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. तालुक्याच्या एका टोकाला पेंचचे जंगल आणि कोलितमारा, दुसऱ्या टोकाला कन्हान, गोंडेगावच्या वेकोलि या कोळसा कंपनीच्या खाणी. नवेगाव खैरीच्या जलाशयाचे पाणी नागपूर पिते. शेतात धान, कापूस, सोयाबीन. खाणीत तीन पाळ्या. रस्त्यावर टिप्पर. जागरणावर पोट असलेली इतकी माणसे असलेला तालुका शोधून सापडणे कठीण, आणि तरीही झोपेचा आजार इथे आजार म्हणून ओळखलाच जात नाही. घोरणे म्हणजे गाढ झोप, अशीच समजूत आहे. आजार पहिल्यांदा ओळखते ती शेजारी झोपणारी व्यक्ती. नवऱ्याचा श्वास मध्येच थांबला म्हणून त्याला हलवून जागे करणाऱ्या बायका गावोगाव आहेत, फक्त ही गोष्ट दवाखान्यात सांगायची असते हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. बाई स्वतः घोरत असेल तर ते लाजेपोटी झाकले जाते. पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो, तरी थकवा आला की तो घरकामाचा म्हणून सोडून दिला जातो. आणि ट्रकवाल्याच्या शेजारी झोपतो तो क्लीनर, जो चालकाच्या घोरण्याबद्दल तोंड उघडत नाही.

आजार ओळखला गेला तरी इम्प्लांटच्या आधी त्याच्या मोठ्या भावाबद्दल बोलले पाहिजे. तो म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली: नाकावर मास्क लावायचा आणि हवेच्या सौम्य दाबाने घसा रात्रभर उघडा ठेवायचा. चिरफाड नाही, औषध नाही, आणि मास्क चढवलेल्या पहिल्याच रात्री श्वास अडणे बहुतेक थांबते. आजही हाच पहिला उपचार आहे. अडचण अशी की तो लोक सोडून देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ रुग्ण होते. सीपॅप दिलेल्या गटाने ते रात्रीला सरासरी अवघे ३.३ तास वापरले, आणि झटका किंवा पक्षाघात टळण्यात त्यांना इतरांपेक्षा फायदा दिसला नाही. पेंग मात्र कमी झाली, मन हलके झाले.

शहरी डॉक्टर अशा रुग्णाला बेशिस्त म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते मान्य नाही. मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखाली, कूलरच्या दमट वाऱ्यात, नाकावर सिलिकॉनचा मास्क चढवून सात तास झोपणे किती कठीण आहे, हे ज्याने करून पाहिले नाही त्याने बोलू नये. वीज गेली की मशीन बंद. वादळी पावसात तालुक्याची वीज किती वेळ जाते हे गावात विचारावे. आणि इन्व्हर्टर ज्या घरात आहे त्या घरात सहसा मशीनही आहे. एका खोलीत पाच माणसे झोपतात, तिथे मशीनच्या आवाजाने लहान मूल उठते. खाणीच्या भागात कोळशाची धूळ फिल्टरमध्ये जाते. ट्रकवाला केबिनमध्ये झोपतो, तिथे प्लग कुठला? मास्क गळू लागला तर बदलून द्यायला पारशिवनीत दुकान नाही. आणि जगभरात सीपॅपवरचा भरवसाही एकदा हलला: जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज दाबणारा फोम झिजून कण हवेत मिसळण्याच्या भीतीने लाखो मशिने परत बोलावली.

या सगळ्याचा हिशेब मांडला की इम्प्लांटची बाजू वाटते त्याहून बळकट निघते. ते रात्री मेन लाइनवर चालत नाही. मास्क नाही, नळी नाही, आवाज नाही. रुग्ण झोपताना रिमोटचे बटण दाबतो, सकाळी बंद करतो. आतली बॅटरी सुमारे ११ वर्षे चालते. दमट उकाड्यात किंवा ट्रकच्या केबिनमध्ये तो उपचार तितकाच चालू राहतो. शहरातल्या वातानुकूलित खोलीत झोपणाऱ्यासाठी हे यंत्र सोय आहे. पारशिवनीच्या टिप्परचालकासाठी ते कदाचित एकमेव निभणारा उपचार ठरेल. यंत्राची किंमत पाहून ते श्रीमंतांच्या यादीत टाकले जाते, पण गरज पाहिली तर यादी उलटी होते.

मग ते खरोखर चालते का? जिभेला पुढे ढकलणारा मुख्य स्नायू जिनिओग्लॉसस. त्याला हुकूम देणारी नस हायपोग्लॉसल, मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी बारावी. त्या नसेच्या नेमक्या फांद्यांभोवती एक पट्टी गुंडाळतात, कारण काही फांद्या जीभ पुढे आणतात आणि काही मागे ओढतात. चुकीची फांदी पकडली तर उपचार उलटा होतो. शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत, साधारण महिनाभर, यंत्र बंदच ठेवतात. मग ते चालू करतात, आणि पुढे झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रभर बसून इशाऱ्याची ताकद रुग्णागणिक जुळवतात. अमेरिकेतल्या इन्स्पायर कंपनीच्या यंत्राची स्टार ही चाचणी जानेवारी २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. सीपॅप न झेपलेले १२६ रुग्ण. तासाला श्वास अडण्याचा मध्यांक २९.३ होता, तो वर्षभरात ९ वर आला. मग चांगला गुण आलेल्यांतल्या काहींची यंत्रे आठवडाभर बंद ठेवली, तर आजार जवळजवळ पूर्ववत परतला, आणि ज्यांची चालू होती त्यांचा नाही. म्हणजे परिणाम यंत्राचाच, हे त्यातून दिसले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता दिली, २०२३ मध्ये ती अधिक तीव्र आजाराच्या आणि अधिक वजनाच्या रुग्णांपर्यंत वाढवली. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही फायदा टिकलेला दिसला. बेल्जियमच्या निक्सोआ कंपनीचे जेनिओ हे यंत्र दोन्ही बाजूंच्या नसांना इशारा देते आणि त्याच्या आतल्या भागात बॅटरीच नसते; ऑगस्ट २०२५ मध्ये तेही अमेरिकेत मान्य झाले.

हे आकडे आम्ही गंभीरपणे घेतो. पण त्यांच्यासोबत दोन गोष्टी वाचल्या पाहिजेत. स्टार चाचणीचा खर्च कंपनीने केला होता, आणि सुरुवातीच्या बारा महिन्यांत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. शिवाय दर तीन रुग्णांतला सुमारे एक ठरवलेल्या कसोटीला उतरला नाही. म्हणजे कापून, तार ओढून, महिनाभर थांबूनही पुरेसा गुण न आलेले लोक आहेत, आणि त्यांची संख्या किरकोळ नाही.

आता इथली एक गोष्ट, जी त्या चाचणीसमोर कधी आलीच नाही. स्टारचे रुग्ण अमेरिका आणि युरोपातले. त्यांच्या तोंडात खर्रा नव्हता. आपल्याकडे विशीतल्या पोरापासून खाणीतल्या माणसापर्यंत खर्र्याची पुडी खिशात असते. सुपारी, तंबाखू आणि चुना वर्षानुवर्षे गालात धरल्याने आतली त्वचा जाड आणि ताठ होते. तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, आणि पुढे जीभ बाहेर काढणे अवघड होते. डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि विदर्भातल्या कुठल्याही दंतचिकित्सकाला हे तोंड दुरून ओळखता येते. जो उपचार जिभेला पुढे आणण्यावर उभा आहे, तो अशा ताठरलेल्या तोंडात किती चालेल? याचे उत्तर अमेरिकेहून येणार नाही. ते नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे मेडिकलमध्ये, शोधावे लागेल, आणि ते शोधल्याशिवाय इथे कुणी हे यंत्र सरसकट सुचवू लागला तर रुग्णांनी सावध राहावे.

याच्या उलट, आपल्या बाजूने जाणारीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत स्लीप ॲप्निया आणि स्थूलपणा बहुधा हात धरून येतात, आणि फार वजनाच्या माणसात टाळूच्या मागे घसा चहूबाजूंनी आवळला जातो. तसा आवळणारा घसा असेल तर हे यंत्र उपयोगी पडत नाही, म्हणून आधी औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा पाहतात. भारतीयांत मात्र जबडा आणि चेहऱ्याच्या ठेवणीमुळे कमी वजनाच्या माणसालाही हा आजार होतो. पारशिवनीचा शिडशिडीत शेतमजूर घोरतो तेव्हा डॉक्टरांना शंकाही येत नाही. अशा काही माणसांत जीभ मागे पडणे हीच मुख्य अडचण असते, आणि मग हाच उपचार त्यांना नेमका बसू शकतो. म्हणजे इथे योग्य रुग्ण असतील; त्यांना शोधणारी व्यवस्था नाही.

आम्हाला सगळ्यात मोठी भीती शस्त्रक्रियेची नाही. ती तज्ज्ञ हातांनी बहुधा निर्धोक होते. जीभ काही दिवस कमजोर होणे, ती दातावर घासून सोलली जाणे, क्वचित तार सरकून पुन्हा शस्त्रक्रिया, एवढे त्रास नोंदले आहेत. भीती आहे ती नंतरच्या अकरा वर्षांची. शरीरात बसवलेल्या यंत्राबरोबर माणूस एका कंपनीशीही बांधला जातो. सेकंड साइट या अमेरिकी कंपनीने अंध माणसांच्या डोळ्यांत आर्गस नावाचे रेटिनाचे इम्प्लांट बसवले होते. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते घेतले. २०२० च्या सुमारास कंपनी आर्थिक अडचणीत आली, उत्पादन थांबले, आणि डोळ्यात यंत्र असलेल्या माणसांना दुरुस्ती आणि सुटे भाग कुठून मिळवायचे हे कळेना. अमेरिकेतल्या शहरी रुग्णाची ही गत झाली, तर रिमोट बिघडला म्हणून नागपूरला जाणाऱ्या पारशिवनीच्या माणसाचे काय? एका फेरीचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी, आणि तिथे गेल्यावर यंत्र जुळवणारा तंत्रज्ञ त्या दिवशी असेलच असे नाही. सीपॅप बिघडले तर ते कोपऱ्यात ठेवता येते. छातीतले यंत्र कोपऱ्यात ठेवता येत नाही.

किमतीचा मुद्दा आता येतो, आणि तो जितका सरळ दिसतो तितका नाही. अमेरिकेत यंत्र आणि शस्त्रक्रिया मिळून तीस-चाळीस हजार डॉलर, म्हणजे रुपयांत पंचवीस-पस्तीस लाखांच्या घरात. आपल्याकडे चांगले सीपॅप मशीन चाळीस-पन्नास हजारांत येते. एका इम्प्लांटच्या पैशात साठएक मशिने. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने हा भागाकार मांडला तर त्याला कोण दोष देणार? पण साठांतली निम्मी मशिने पलंगाखाली धूळ खात पडली, तर हिशेब कोणता धरायचा? मशीन वाटले की उपचार झाला, असे कागद सांगतो; रात्र तसे सांगत नाही.

यात आपल्या योजनांची ठेवण आणखी एक पेच टाकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, आता ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि तिची मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली आहे. ती चालते रुग्णालयात भरती होऊन करायच्या उपचारांच्या यादीवर. घरी वापरायच्या सीपॅपला तिच्यात जागा मिळणे कठीण; खासगी विम्याच्या अनेक पॉलिसींतही घरच्या मशीनचा खर्च मिळत नाही. उद्या इम्प्लांटची किंमत उतरली आणि ते यादीत आले, तर डॉक्टरांना आणि रुग्णाला दोघांनाही शस्त्रक्रियेची वाट सोपी होईल, आणि मास्क नीट बसवून पाहण्याची, जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी लावून पाहण्याची, खर्रा सोडवण्याची वाट मागे पडेल. पैसे जिथे मिळतात तिकडे उपचार वळतो, हे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांत महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गोष्ट आपण विसरलो नसू.

तरीही महागडे इम्प्लांट गरिबाच्या वाट्याला येऊच शकत नाही, हे म्हणणे आम्हाला पटत नाही. कानात बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांट पाहा. तेही लाखांचे, तेही परदेशी, त्यालाही शस्त्रक्रियेनंतर महिनोन्महिने शिकवणी लागते. तरी केंद्राच्या ॲडिप योजनेतून बहिऱ्या मुलांना ते मोफत मिळू लागले आणि ग्रामीण भागातली मुले बोलू लागली. २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातली. औषधी लेप असलेला स्टेंट तेव्हा ₹२९,६०० वर आला. पेसमेकर तर इंदूरजवळ पीथमपूरला बनतात.  नसेला मोजून इशारा देणारे यंत्र हा पेसमेकरचाच चुलत भाऊ आहे, आणि देशात ते बनवण्याइतके ज्ञान आहे. म्हणून 'आपल्याला परवडणार नाही' हे वाक्य निकाल म्हणून मांडू नये. किंमत ठरवता येते, उत्पादन वळवता येते; इच्छा आणि मागणी संघटित असावी लागते.

दरम्यान आणखी वाटा उघडल्या आहेत, त्यांचा ओझरता उल्लेख पुरे. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपाटाइड या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्थूल रुग्णांच्या स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली, आणि मौंजारो या नावाने ते मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा सर्वांत लहान मात्रेच्या आठवड्याच्या एका सुईला ₹३,५०० पडत होते. जयपूरच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांचा एक छोटा अभ्यास २०२५ मध्ये मांडला, त्यात रोज शंख फुंकण्याच्या सरावाने पेंग आणि श्वास अडणे दोन्ही काही प्रमाणात घटले. अभ्यास लहान आहे, पण घशाच्या स्नायूंना व्यायाम ही कल्पना फेकून देण्यासारखी नाही. लहान मुलांत टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी काढल्या की बहुतेक काम भागते, आणि ते कुठलाही ईएनटीचा डॉक्टर करतो.

मग आमचे मत काय? इम्प्लांट यावे, आणि ते नागपुरात यावे. पण ते आधी सरकारी दारातून यावे. मेडिकल किंवा मिहानमधले एम्स, यांपैकी एका ठिकाणी, जिथे ईएनटी, श्वसनरोग आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर एकाच छताखाली आहेत, तिथे ठरावीक रुग्णांवर आणि प्रत्येकाची नोंद ठेवून सुरुवात व्हावी. ज्यांनी सीपॅप मनापासून काही महिने वापरून पाहिले आणि जमले नाही, ज्यांचा घसा दुर्बिणीने तपासला आहे, आणि ज्यांच्या घरच्या परिस्थितीत मशीन चालणारच नाही, अशांना पहिली संधी द्यावी. निवड करताना उत्पन्न आडवे येऊ नये. ट्रकवाला आणि प्राध्यापक एकाच रांगेत असावेत. विकणाऱ्या कंपनीकडून पुढच्या बारा वर्षांच्या देखभालीची आणि बॅटरी बदलण्याची लेखी हमी घ्यावी, आणि कंपनी हा व्यवसाय सोडून गेली तर काय, याची तरतूद करारातच असावी. खर्रा खाणाऱ्या रुग्णांचा वेगळा अभ्यास या नोंदीतूनच होऊ शकेल, आणि तो जगाच्या उपयोगी पडेल.

हे मत मांडताना दुसऱ्या बाजूचा एक खरा आक्षेप आम्ही बाजूला सारत नाही: जोवर तालुक्यातल्या माणसाची साधी झोपेची तपासणी होत नाही तोवर नागपुरातले इम्प्लांट केंद्र शहरातल्यांच्याच कामी येईल. हे अगदी खरे आहे, आणि म्हणूनच पैशांचा पहिला वाटा तपासणीला गेला पाहिजे. आशाताई तिशीपुढच्या माणसांची रक्तदाब-मधुमेहासाठी घरोघर माहिती घेतच असतात. त्याच भेटीत त्या तीन प्रश्न विचारू शकतात: मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहिले का, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का. 'हो' म्हणणाऱ्याच्या बोटाला आणि छातीला लावून घरीच रात्रभर नोंद घेणारी छोटी यंत्रे मिळतात. त्यांची नोंद नागपूरचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी संगणकावर पाहू शकतो. जड वाहनाचा परवाना देताना फेफरे, भोवळ, अचानक शुद्ध हरपणे यांबद्दल विचारतात. घोरण्याचा प्रश्नही तिथे हवा, फक्त 'हो' म्हटले की परवाना जाणार अशी भीती घालून नव्हे, तर उपचार घेतल्यास परवाना राहील अशी हमी देऊन. नाहीतर कुणी खरे सांगणार नाही. खाणकामगारांची वैद्यकीय तपासणी कायद्यानेच ठरावीक काळाने होते. डम्पर चालवणाऱ्यांची झोप त्यात तपासावी.

पैसा कुठून, हेही उघड आहे. कोळसा काढणाऱ्या कंपनीला रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात रक्कम भरावी लागते, आणि २०१५ पासून प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेखाली तिचा मोठा भाग खाणबाधित गावांतले पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांवरच खर्चायचा आहे. कन्हान-गोंडेगावचा पट्टा यात बसतोच. त्यातून सीपॅपची एक उसनवारीची पेटी उभी राहू शकते: मशीन दोन महिने घरी न्या, जमले तर ठेवा, नाही जमले तर परत द्या आणि पुढच्या उपचारासाठी नाव नोंदवा. मग कुणाला खरोखर इम्प्लांट लागते, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. सुरुवातीला फार मोठा आकडा लागत नाही. पारशिवनीच्या ग्रामीण रुग्णालयासाठी घरी न्यायची स्लीप स्टडीची चार यंत्रे, ती लावायला शिकलेल्या दोन परिचारिका, आणि मेडिकलच्या श्वसनरोग विभागाशी आठवड्यातून एक ठरलेला वार, इतका प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत मांडता येईल.